चार निरोप जमले की

हॅलो?

हॅलो… हो, मीच. … हो, सकाळी मीच निरोप ठेवला होता, सवड झाली की फोन कर म्हणून. … नाही, नाही, कुणाला काही झालेलं नाही. सगळे बरे आहेत. … अगं, आवाज असाच आहे आज.

तू कशी आहेस?

… हं.

… आणि गुडघा? … अरे बापरे. … आणि मधेच कुणावर ओरडतेस? … नळवाला होय! मला वाटलं माझ्यावरच. … थांबते ना. सांग त्याला काय सांगायचंय ते.

…

झालं? … गळतंय अजून? चिमणे, नळ तो बघेल, त्याचा धंदाच आहे तो. तू बाहेरच्या खोलीत जाऊन बस जरा. … बस म्हणजे खरंच बस. उभ्याने ऐकायचं नाहीये हे.

… हो, चिमणीच म्हणाले. मग काय म्हणू, बाई म्हणू?

… हसू नकोस. मलाही इतक्या वर्षांत कुणी मोजपट्टी म्हटलेलं नाही. इथे सगळे मॅडम म्हणतात. आपल्या वेळचं कुणीच नाही आता. मी आणि ती लिफ्ट. … हो, तशीच अडकते.

ऐक. कामाचं आहे. म्हणजे, कामाचं आहे आणि नाहीही.

आपल्या वेळचा जुना सर्व्हर आठवतो? … तोच, ज्याच्या गरम हवेवर मावशी ओले रुमाल वाळवायची. तो आज पाच वाजता बंद करतायत. कायमचा. त्याच्यावरच्या सगळ्या रांगा मला तपासायला सांगितल्यात. कुठली नव्या मशीनवर न्यायची, कुठली पुसायची. … रांगा गं, निरोपांच्या. एका प्रोग्रॅमने निरोप टाकायचा, दुसऱ्याने येऊन उचलायचा, तोवर तो रांगेत थांबतो… अगं, तूच तपासायचीस त्या, तुलाच काय शिकवतेय मी! … विसरलीस? बरोबर आहे. मापं घेऊन ब्लाउज शिवायला लागल्यावर मीही विसरले असते.

तर त्यांत एक रांग निघाली. कुठल्याच विभागाची नाही. कुणी मालक नाही. नाव वाचू?

'डबा'.

… चिमणे?

… आहेस ना?

… हो. तीच. ताईंची.

… मलाही वाटलं होतं, केव्हाच कुणीतरी पुसली असेल. … कशाला उकरायचं म्हणजे? पुसण्याआधी कुणाला तरी विचारायला हवं ना. ताईंना तर आता विचारता येत नाही.

… हं.

… नाही, थांब, ऐकून तर घे. … भांडणाचं नको सांगूस, भांडण मला पाठ आहे. ताईंकडून आपली तुकडी काढून घेतली. वरच्या साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं की यांना नवीन काही जमत नाही. आणि त्यांनी जेवायला बसल्यावर, डब्याचं झाकण उघडता उघडता विचारलं, 'तुमच्यातली कोण?' … हो, आणि आपण तिघींनी, तू, मी नि मावशीने, आपापले डबे बंद केले. 'मी नाही' एवढं म्हणायला काय झालं होतं? पण नाही. विचारलंच कसं, याचा राग. मी तर चमचा तिथेच विसरून उठले.

… तुझ्याकडे आहे? अजून?

… राहू दे. असू दे तुझ्याकडे.

मी त्यानंतरचं म्हणतेय. चार टेबलांवर चार डबे उघडायला लागलो आपण, तेव्हाचं. ताई खाली नोंदींच्या खोलीत गेल्या होत्या. एके दिवशी वर आल्या, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'आधी कोण बोलणार यावरच सगळं अडलंय गं. असं काहीतरी कर की आधी कुणालाच बोलायला नको.' … हो, अगदी तसंच, पदर खोचून, फाइल मागायला आल्यासारख्या.

म्हणून केली मी ती रांग. जिला परत एकत्र यायचं असेल तिने आपल्या टेबलावरून एक निरोप टाकायचा. नुसतं 'येते' म्हणून. कुणी टाकला, किती झाले, कुणाला कळणार नाही. चार झाले की रांग प्रोग्रॅमला उठवणार आणि प्रोग्रॅम ताईंनी लिहून ठेवलेलं पत्र चौघींना ईमेलने पाठवणार. तीनच झाले तर काही नाही, गप्प. म्हणजे कुणी एकटीच पुढे गेली आणि तोंडघशी पडली, असं व्हायचं नाही. … ट्रिगर, हो! बघ, आठवतंय की. जावाच्या प्रोग्रॅममधूनच लावला होता मी. तीनच तर गोष्टी सांगायच्या होत्या रांगेला. कशावर उठवायचं, संख्येवर. किती झाल्यावर, चार. आणि ट्रिगर, चालू. … आणि निरोप टिकाऊ ठेवले होते. ताईच म्हणाल्या, 'वीज गेली म्हणून आमची इच्छा जायला नको.'

आणि मीसुद्धा आत डोकावायचं नाही, ही त्यांची अट. … नाही डोकावले. एकदाही नाही. … हो, म्हणूनच मोजपट्टी.

… तेच ना. पत्र आलंच नाही. म्हणून तू काय समजलीस? … हं. … हं. की बाकीच्यांना नकोच होतं.

मीही तेच समजले.

पण आज डोकावावं लागलं गं. डोकावले म्हणजे काय, पडद्यावर रांगेच्या नावापुढे आकडाच असतो.

चिमणे, चार आहेत.

… चार. एक, दोन, तीन, चार.

… नाही, चाचणीचे नाहीत ते. चाचणीचे तेव्हाच उचलले गेले. हे खरे आहेत. प्रत्येकावर टाकणारीचं खातं आहे. एक माझा. एक तुझा. … मग? टाकला होतास ना? … पहिल्याच दिवशी?

मीही पहिल्याच दिवशी. जेवायच्या सुटीत, सगळे खाली गेल्यावर. आणि मग उपाशीच बसून राहिले, पत्र येईल म्हणून.

मावशीचा दोन दिवसांनी. आणि शेवटचा ताईंचा, ऑफिस सुटता सुटता. एकाच आठवड्यात सगळे.

… हं.

… हं.

… रड गं. मी सकाळी रडून घेतलंय. बाथरूममध्ये, नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. … हो, आज दोघींच्याही नशिबी नळच.

…

… मला सारखी ताईंची लेक आठवतेय. ताई गेल्या तेव्हा तू सकाळी जाऊन आलीस, मी दुपारी गेले, मावशी दुसऱ्या दिवशी. ती पोरगी मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, 'तुमच्यातलं कुणी ना कुणी येतंय, पण आई म्हणायची तशा तुम्ही एकत्र कधी दिसलाच नाहीत.' … तुलाही म्हणाली? … मग तू काय म्हणालीस? … हं. मीसुद्धा. कामं असतात म्हणून.

… का नाही उठला? ट्रिगर बंद आहे.

… बंद. आहे त्या जागी आहे, पण बंद. सांगते. हा संख्येवर उठवायचा जो ट्रिगर आहे ना, त्याने एकदा प्रोग्रॅमला उठवलं की तो आपला आपण बंद होतो. … तसाच बनवलाय तो. नाहीतर पाचवा आला, उठव, सहावा आला, उठव, असं करत बसेल. उठलेल्या प्रोग्रॅमने काम आटोपून जाताना तो परत चालू करायचा असतो. ती ओळ मी लिहिलीच नव्हती. … मुद्दाम. एकदाच तर उठायचं होतं त्याला. चौघी जमल्यावर परत कशाला लागणार होता?

… हो, पण रांग केली त्या दुपारी आपण चाचणी केली ना, तेव्हा उठला तो. म्हणून नंतर मी हाताने परत चालू केला. वेगळा छोटा प्रोग्रॅम होता त्यासाठी. चालवला, पडद्यावर 'चालू' आलं, बघितलं आणि मगच उठले. तू पर्स आवरत होतीस. आपण बोललोही नाही धड. कामापुरतं, 'झालं का', 'झालं', एवढंच. … तेच तर सकाळपासून कळत नाहीये. मला स्वच्छ आठवतंय चालू केलेलं. मग बंद कसा? आपोआप बंद व्हायला एकच कारण, तो परत एकदा उठला असला तर. पण उठला असता तर ताईंचं पत्र आलं असतं ना आपल्याला…

एक मिनिट हं.

हो, बोला. … नाही, एक राहिलीय. … 'डबा'. … तुमच्या यादीत मालक नसेल, पण आहेत. … विभाग वगैरे नाही, चार बायका आहेत. … पाचच्या आत कळवते म्हटलं ना. … हो, लेखी.

हं, बोल. सर्व्हरवाले होते. त्यांना घाई.

… काय म्हणालीस?

… परत?

… कधी? … त्याच संध्याकाळी. मी गेल्यावर.

… चारही निरोप तूच टाकलेस. तुझ्या टेबलावरून. … का पण?

… टिंग ऐकायला.

…

… नाही, समजलं मला. दुपारी चाचणीचं पत्र तुझ्या मशीनवर आलं तेव्हा वाजलं होतं. 'सगळ्या तयार आहेत' असं लिहिलं होतं त्यात. … हो, ते वाक्य मीच घातलं होतं, नुसतं चाचणीपुरतं. … तुला परत बघावंसं वाटलं. … हं. खोटं का होईना. … आणि परत वाजलं.

… हो. त्या संध्याकाळी फक्त तुझाच पत्ता होता आत. ताईंचं खरं पत्र आणि चौघींचे पत्ते दुसऱ्या सकाळी लागले. म्हणून… म्हणून आम्हाला कुणाला काही आलं नाही.

…

… आहे, आहे मी. पाणी प्यायले जरा.

… काय?

… नाही.

… नाही गं. त्याचा काही संबंध नाही.

… चाचणी एकदा कर नाहीतर दहादा. नाही. मीच चालू करायला विसरले असणार. … आत्ता म्हणाले होते, हो. माणसाला वाटतं आठवतंय म्हणून. दिवसाला पन्नास गोष्टी चालू-बंद करायचे मी तेव्हा, आदल्या दिवशीचंच आठवत असेन. … चिमणे, ऐक. ऐक ना माझं. रांग मी केली, प्रोग्रॅम मी लिहिला, चालू आहे की बंद ते बघणं माझं काम. तुझं काम टिंग वाजतं का ते बघायचं. ते तू केलंस. … हो, मोजपट्टी असले म्हणून काय झालं? वापरून वापरून तिचेही आकडे पुसट होतात.

… हो, मी विसरले.

… नक्की.

… आता डोळे पूस. नळवाला बाहेर येऊन बघेल, म्हणेल, एवढंसं गळत होतं त्यावर बाई रडते काय!

… हं. हास.

आता ऐक, खरं विचारायचं होतं ते राहिलंच. ताईंचं पत्र अजून आहे तिथे. लिहून दिलं तेव्हा म्हणाल्या होत्या, 'उघडायचं नाही.' मग नाहीच उघडलं. आणि ट्रिगर मी आत्ता चालू केला तर… हो, लगेच उठेल. चार आधीच बसलेत ना. तो बघेल, चार आहेत, आणि उठेल. … पत्रं जातील. ऑफिसचे नाही, घरचेच ईमेलचे पत्ते दिले होते ताईंनी सगळ्यांचे. तुझा तोच आहे ना? … मावशीचाही तोच. अजून त्यावरून सगळ्या जगाला सांधेदुखीची पथ्यं पाठवत असते. … तुलाही येतात? … मीही नाही देत उत्तर. वाचते मात्र.

… हो, चौघींना. ताईंनाही जाईल. माहीत आहे मला.

… पुसू शकते. मी एकटीने पुसू शकले असते, एकटीने चालूही करू शकले असते. सकाळपासून दोनदा बोट नेलं. नाही झालं. म्हटलं, ज्यांचे निरोप आहेत त्यांच्यातल्या एकीने तरी हो म्हणावं. म्हणून केला तुला फोन. … मावशीला का नाही? मावशीसमोर मला बोलताच आलं नसतं. तू निदान मधे मधे बोलतेस.

… घाई नाही. … म्हणजे आहे, पाच वाजता.

… काय?

… हो ना? … नक्की?

बरं. फोन स्पीकरवर टाक आणि जवळ ठेव. चालवते. … थांब, जुनी जावा आहे, उठायला वेळ घेते. … आपल्यासारखी, हो.

आलं. 'चालू'.

… वाचलं ना मोठ्याने, चालू. आता रांग बघते. चार. … चार. … अजून चार.

शून्य.

… वाजलं! ऐकलं मी इथून. … हो, माझ्याकडेही आलंय, पण तूच वाच. … चष्मा डोक्यावर असेल बघ. … असतोच. वाच, सावकाश.

… 'मुलींनो.'

… हं.

… परत वाच ते. … 'चौघीही आलो, तेव्हा आता कोण बोललं ते विचारायचं राहिलं नाही. मी विचारायलाच नको होतं.'

… हं.

… नाही, थांबू नकोस. पुढे वाच.

… 'येत्या रविवारी भेटू. जागा मोजपट्टी ठरवेल, तिला फोन करा.' मला? … हो, त्यांना माहीत होतं, तुझ्यावर सोपवलं तर चार जागा ठरतील. … 'चिमणीला वेळ एक तास आधीची सांगा.' … मी कुठे हसतेय? बरोबरच लिहिलंय. … 'मावशीने औषधांचा डबा आणू नये, आम्ही अजून म्हाताऱ्या झालेलो नाही.' …

… वाच ना.

… 'चहा मी आणते.'

…

… हो.

… हो गं. त्यांचा तो मोठा थर्मास. झाकण नीट बसायचं नाही, पदराने धरून ओतायच्या. पहिला कप दुसऱ्यालाच.

…

… थांब. इथे काहीतरी आलंय.

… एक पत्र परत आलंय. … ताईंचं. 'हा पत्ता आता वापरात नाही.'

… माहीत होतं. माहीत होतं तरी बघत बसले होते मी.

…

… रविवारी? … का नाही? लिहिलंय ना त्यांनी. … तिघीच, हो. … तुझ्याकडे नको, नळवाला असेल तुझ्याकडे. माझ्याकडेच या. … चहा मी करीन, तुझा नको, तुझ्या चहातून कपाचा तळ दिसतो. … आणि तो चमचा घेऊन ये. … देऊ नकोस हवं तर परत, नुसता घेऊन ये.

… एक मिनिट. दुसरा फोन येतोय मला. … नाव नाही, नुसता नंबर. माझ्याकडे नाहीये हा. … चिमणे, मावशीचा नंबर आहे तुझ्याकडे? शेवटी काय आहे त्याच्या?

… दोन शून्य?

… तीच आहे.

… विचारेल ना, ताई गेल्यावर ताईंचं पत्र कसं आलं. सांगीन. ट्रिगर चालू करायला मी विसरले होते, तो आज केला. एवढंच. … हो, रागावेल. रागावू दे, इतक्या वर्षांत निदान ओरडेल तरी माझ्यावर. … नाही, तू मधे काही बोलायचं नाहीस. रविवारीही नाही. … कसली शपथ? शपथ कशाला हवी?

… काय?

… कोण खोटं बोलतंय?

… चिमणे, रविवारी चार वाजता. म्हणजे तुला तीन. … ठेवते आता. मावशी थांबलीय.